आळणी वरणभात

मधोमध नदी वाहणाऱ्या एका राज्यात माणसे भांडत पुष्कळ, पण जेवत एका पंगतीला. वरच्या काठी भात पिके, खालच्या काठी तूर. दरबारात दोन्ही काठांचे मानकरी एकाआड एक बसत. पंगतीत आपले मीठ कुणी आपल्या हाताने घेत नसे, शेजारी वाढी. आणि ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर शस्त्र उचलायचे नाही, अशी रीत होती.

राजा वारला. भृंगनाथ नावाचा मांत्रिक प्रधान होता. तो दोन्ही राजपुत्रांना म्हणाला, "शत्रू कानाशी बसल्यावर मसलत कशी व्हायची? वेगळे बसा." हे शहाण्यासुरत्यांना पटले, हेच नवल. वरचे डावीकडे गेले, खालचे उजवीकडे, आणि मधल्या मोकळ्या जागी भृंगनाथ ऐसपैस बसला. मग त्याने मंत्र टाकला: एका काठाच्या धान्याचे दुसऱ्या काठाला लागताच खडे होतील.

वरचे कोरडा भात गिळू लागले, खालचे नुसते वरण पिऊ लागले. पलीकडचेच खडे पाठवतात, असे वाटून दोन्हीकडे माथी भडकली. थोरला रणधवल वरच्यांचा सेनापती झाला, धाकटा सोमदेव खालच्यांचा. माध्यान्हीला लढाई ठरली.

त्यांची बहीण हेमाळी. तिला दोन्ही भाऊ जिवंत हवे होते. ती रडू लागली तेव्हा तिची साळुंकी बोलली, "मंत्र काठांवर आहे, पाण्यावर नाही. थोरल्याचे तांदूळ, धाकट्याची डाळ आणि दोघांचे मीठ, एवढे मिळव."

हेमाळी रणधवलाकडे गेली. "दादा, लढाईआधी बहिणीच्या हातचे जेवाल?"

"जेवेन."

"मग तांदूळ घेऊन नावेवर या."

सोमदेवाकडून तिने तशीच डाळ मागवली. भर नदीत नाव थांबली, चूल पेटली. भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले.

"आळणी आहे," रणधवल म्हणाला.

"आळणीच आहे," सोमदेव म्हणाला. वर्षभरात दोघांचे हे पहिले एकमत.

"मीठ मी घातलेच नाही. तुमच्या शिदोरीत असेल."

दोघांनी पुरचुंड्या सोडल्या आणि थबकले. आपल्या हाताने घेणार कसे? ऊन चढत चालले. अखेर सोमदेवाने दुसरीकडे पाहत चिमूटभर मीठ दादाच्या पानात टाकले.

"जास्त झाले."

"मग तुम्ही बेताने वाढा."

रणधवलाने वाढले. दोघांनी पान चाटूनपुसून साफ केले. तेवढ्यात रणवाद्ये वाजली, पण तलवारीकडे कुणाचाच हात जाईना.

त्याच क्षणी मंत्र उलटला, कोठारांतल्या खड्यांचे धान्य झाले, आणि दरबारात मधोमध बसलेल्या भृंगनाथाचा वरवंटा झाला. भाऊ आता आळीपाळीने राज्य करतात, मानकरी पुन्हा एकाआड एक बसतात. भांडणे अजून होतात, पण पाने मांडेपर्यंतच. वरवंटा हेमाळीच्या स्वयंपाकघरात आहे, खडेमीठ वाटायला.