झिनियाचा शेंडा

झाडं नि अवजारं माणसांदेखत बोलायची, त्या काळची ही गोष्ट. एका थंडगार डोंगरावर माळीणबाईनं झिनियाचा वाफा केला होता. तिथं ऊन म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, म्हणून रोपं घाईघाईनं वाढत होती.

ती वीतभर होतात न होतात तोच माळीणबाई कात्री घेऊन आली. कच्! पहिल्या रोपाचा शेंडा खाली पडला. कच्! दुसऱ्याचाही. कडेच्या झिनियाच्या अंगावर काटा आला. ‘आधीच ऊन थोडं, त्यात ही मेली वाढलेलंही कापतेय!’ तिनं चटकन गवतात मान खुपसली.

कात्री अगदी जवळ येऊन थांबली नि म्हणाली, “कुणी राहिलं का गं? शेंडा गेला की पानापानाच्या बेचक्यात फांदी फुटते.”

झिनियानं मान आणखी खोल खुपसली. कात्री निघून गेली.

सगळ्यांच्या आधी तिलाच फूल आलं. बोडक्या रोपांकडे बघून ती मनसोक्त हसली. मग त्या रोपांना फांद्या फुटल्या, फांदीफांदीवर फूल आलं, वाफा नुसता रंगांनी पेटला. तिचं एकुलतं फूल तोवर वाळलं होतं.

“कात्रीताई,” तिनं मान पुढे केली, “माझाही शेंडा घे. दुखलं तरी चालेल.”

कात्रीनं दरीकडे पाहिलं. धुकं वर चढत होतं.

“घेते की गं,” ती म्हणाली, “पण फुटायला ऊन कुठनं आणू?”