बेलखडीचे दोरधरे

बेलखडीच्या माळावर एक जुनी विहीर आहे. काठावरच्या हिवराच्या झाडाला बांधलेला दोर सरळ पाण्यात गेलेला दिसतो. त्याला पोहरा नाही. बाहेरची माणसं विचारतात, तेव्हा गावातले म्हातारे सांगतात, दोरधरे हे आडनाव या विहिरीतून निघालं. त्याआधी त्या घराला आडनाव नव्हतं. विहिरी खणणारी साधी माणसं ती, त्यांचं कोण लिहून ठेवणार?

सुभाना आणि हैबती असे दोघे भाऊ होते म्हणे. हैबती धाकटा, अंगाने हलका, म्हणून कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा. वर दोर सुभाना धरायचा. मोठ्या दुष्काळात गावाने ही विहीर खणायला घेतली. ओढा आटला होता. लेकरं ओढ्यातला चिखल फडक्यातून पिळून पीत होती.

एका सकाळी हैबतीचं अंग तापलं. सुभानाने दोर आपल्या कमरेला बांधला.

"तू धर आज. आणि मला खाली ठेवून चिंचा पाडायला पळू नको."

हैबती हसला.

दुपारी खालून आवाज आला, "पाणी! हैबत्या, पाणी लागलं रे!" आणि त्याच दमात विहिरीची एक बाजू ढासळली.

हैबतीने दोर ओढला. येईना. मग खालून दोर एकदा हलला. "दादा जिता आहे!" तो ओरडला. माणसं उतरली, हाताने माती उकरू लागली. पण झरा मोठा होता. पाणी चढत गेलं, वरून दगडमाती सुटत राहिली. शेवटी पाटलांनी माणसं वर घेतली.

"सोड आता, पोरा."

"हलला होता दोर. माझ्या हाताला कळलंय. तुम्ही कोण सांगणार?"

त्याने सोडला नाही. तळवे सोलून निघाले. रात्र गेली, ऊन चढलं. विहीर भरत होती आणि गाव रिकाम्या घागरी घेऊन लांब उभं होतं. एका बाईने पोहरा सोडला, तर हैबतीने एका हाताने तो हिसकून माळावर फेकला. "माझा भाऊ आहे त्यात!" त्याचं खरं होतं. तहानेने पोरं रडत होती, तेही खरं होतं.

मग सुभानाची बायको भागू आली. तिने कुणाला विचारलं नाही. पोहरा उचलला, पाणी काढलं आणि तांब्या दिराच्या तोंडाशी धरला.

"प्या, भावजी."

"वहिनी, दादा खाली आहे."

"ठाऊक आहे मला. तुम्ही प्यालात तर गाव पिईल. नाहीतर ते नुसतेच गेले."

तो प्याला. पाणी गढूळ होतं, आणि गोड लागलं. असं सांगतात, की तोवर तो रडला नव्हता. पाणी गोड लागलं, म्हणून तो जमिनीवर डोकं आपटून रडला. तरीही दोरावरचा हात उघडेना. भागूने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि दोर हिवराला बांधला.

गाव त्याला दोरधरा म्हणू लागलं. पुढे दोघा भावांची लेकरं दोरधरे झाली.

आजही दोर कुजला की घरातला धाकटा भाऊ नवा बांधतो. जुना कुणी वर ओढत नाही. आणि आजही त्या घराण्यात पाण्याला कुणी गोड म्हणत नाही. पाहुण्याने विचारलंच, इथलं पाणी कसं आहे, तर दोरधरे म्हणतात, "पाणी आहे."