वडावरच्या निजलेल्या पाहुण्यांची कहाणी

ऐका वडावरच्या वाघळांनो, तुमची कहाणी. आणि बायांनो, कुजबुज पुरे, तुम्हीही ऐका.

आटपाट नगर, भोवती मोहाचं रान. वेशीबाहेर मोठा वड. वडाला वाघळं उलटी टांगलेली. नगराचा नेम होता, वडाखाली वाजंत्री वाजवायची नाही, दगड मारायचा नाही, शेंड्याचं फळ तोडायचं नाही. ते पाहुण्यांचं.

नगरात एक पाटलीण होती. माघात तिच्या लेकाचं लग्न झालं. वरात वडाशी आली, वाजंत्री थांबले. पाटलीण गरजली, "पाटलाची वरात मुकी जाते काय? वाजवा!" मग ढोल वाजला, ताशा वाजला, शिंग वाजलं. वाघळं उठली, आभाळ काळं झालं. एक वाघूळ नवरीच्या, येसूच्या, पदराला घासून गेलं. गेली ती परत आली नाहीत.

मग फाल्गुनात मोह फुलला. फुलाफुलावर हिंडायला वाघळं नव्हती. ज्येष्ठात फळ धरलं नाही. फळ नाही तर बी नाही, बी नाही तर तेल नाही. घरोघरचा दिवा विझला.

पाटलीण म्हणाली, "वाघूळ हिला शिवलं. पांढऱ्या पायाची अवदसा! हो चालती." ढोल कुणी वाजवायला लावला, ते कुणी विचारलं नाही. नवरा खाली मान घालून बसला. असले नवरे आटपाट नगरातही होते.

येसू वडाखाली येऊन रडू लागली. तिथं खोपटात एक म्हातारी राहत होती. ती म्हणाली, "का गं रडतेस? रडून फळ धरतं का?" येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "वसा देते, घेशील?" "घेईन. उतणार नाही, मातणार नाही." "मग रोज दिवेलागणीला पिकलं फळ फांदीला बांध. वडाखाली आवाज चढवू नको. येणाऱ्याजाणाऱ्याला चढवू देऊ नको."

येसूनं फळ बांधलं. पोरं दगड घेऊन आली, तिनं हाकलली. शिकारी जाळं घेऊन आला, त्यालाही हाकललं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. फाल्गुनात मोह फुलला, तशी एका सांजेला एक वाघूळ आलं. दुसऱ्या सांजेला थवा आला. तिसऱ्या सांजेला वड काळा झाला.

ज्येष्ठात मोह फळांनी वाकला. घाण्याला तेल सुटलं, घरोघर दिवा लागला. पाटलीण धावत आली. "सूनबाई, घरी चल."

"येते. आधी सांगा, पांढरा पाय कुणाचा?"

पाटलिणीनं आपल्या पायांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझा गं बाई."

येसू घरी आली. पुढं पाटलिणीच्या लेकीची वरात निघाली. वडाशी येताच पाटलीण पुढं धावली, ढोलावर दोन्ही हात दाबून धरले. "गप बसा मेल्यांनो! पाहुणे निजलेत." वरात वडाखालून पावलं न वाजवता गेली.

ती म्हातारी कोण? कुणी म्हणतं देवी. मी म्हणते शहाणी बाई होती, तेवढं पुरे.

जसं उडालेल्या वाघळांना आपलं झाड मिळालं, टाकलेल्या येसूला आपलं घर मिळालं, तसं तुम्हां आम्हां मिळो. आणि कुणाच्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणाल, तर आधी आपले पाय बघा. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत आटोपली, ऐकणारीच्या ओटीत सुफळ पडली.