तळ्याला लुगडं

एक होती कोष्टीण, चिमाबाई तिचं नाव. डोंगराच्या पायथ्याशी राहायची, लुगडी विणायची. घरात सगळं होतं, पण मूल नव्हतं. मग एक दिवस ती डोंगराकडं तोंड करून नवस बोलली, "मला लेक होऊ दे, डोंगरातल्या सगळ्यात मोठ्या तळ्याला या काठापासून त्या काठापर्यंत लुगडं नेसवीन." जन्म गेला मापं घेण्यात, आणि बाई माप न घेताच बोलून बसली, बरं का.

मग लेक झाली. तिचं नाव येसू. गुटगुटीत, हसरी. पण पाच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. साधं 'आई'सुद्धा नाही. नवस फेडायचा राहिला म्हणूनच लेकीची वाचा अडली, असं चिमाबाईच्या मनानं घेतलं. मग तिनं लांबच लांब लुगडं विणलं, सुताच्या गुंड्या पाटीत घातल्या, येसूचं बोट धरलं आणि डोंगर चढली.

वर पठारावर तीन तळी. एक राजानं धरण बांधून अडवलेलं, एक देवळाजवळचं आणि एक रानातलं. चिमाबाईनं येसूला मधल्या खडकावर बसवलं आणि मापाला लागली. राजाच्या तळ्याला वेढा घालायला लागल्या चाळीस गुंड्या. देवळाजवळच्याला एकेचाळीस. झालं! राजाच्या तळ्याला आला राग. त्यानं अंग फुगवलं. मग रानातलं तरी कशाला मागं राहतंय? तेही फुगलं. मग देवळाजवळचं फुगलं. लुगडं आपल्यालाच हवं, दुसरं काय! चिमाबाई बिचारी इकडून तिकडं, तिकडून इकडं. एकाचं माप घ्यावं, तोवर दुसरं मोठं.

फुगता फुगता पाणी नाचणीच्या शेतात शिरलं, देवळाच्या पायऱ्या चढलं आणि येसूच्या खडकावर आलं. चिमाबाई लांब पलीकडच्या काठावर. पाणी येसूच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग गळ्याला. चिमाबाईनं हातातली गुंडी टाकून दिली आणि रडत म्हणाली, "मुकी तर मुकी राहू दे, पण माझी येसू मला द्या."

पाणी कुठलं ऐकतंय! मग येसूच चवड्यांवर उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "एवढं पोट सुटल्यावर लुगडं बसेल कसं? आधी पोट आत घ्या."

तिन्ही तळी अशी ओशाळली म्हणता! सुर्रकन पोटं आत घेतली. इतकी आत घेतली, की तिन्ही एका मापाची झाली, बरोबर लुगड्याएवढी. चिमाबाई आधी धावली ती लेकीकडं. तिला पोटाशी धरून खूप रडली, खूप हसली. मग येसूनं बोट दाखवलं त्या तळ्याला लुगडं नेसवलं. उरलेल्या दोघांना पुढच्या दोन वर्षांत एकेक. रुसवाफुगवा नको.

आणि येसू जी बोलायला लागली, ती थांबेचना. डोंगर उतरताना बोलली, जेवताना बोलली, झोपेतसुद्धा बोलली. शेजारणी कानांवर हात ठेवायच्या. पण मायलेकी सुखात राहिल्या, आणि चिमाबाईनं लेकीला जन्मात कधी 'गप्प बस' म्हटलं नाही.

मी मात्र म्हणणार. गप्प बसा, पांघरुणं ओढा आणि झोपा बघू.