दारातली घंटा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंचा निरोप घ्यायला आला. शहरात एक व्यापारी गेम कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं, विकत असे, आणि त्याच्याशी भागीदारी करण्यासाठी हा पठ्ठ्या राहतं घर विकायला निघाला होता.

"गुरुजी, एकदा त्या दुकानात चलाच. दारात घंटा टांगलीय. यंत्राचं नवं खोकं बाहेर पडलं की पहारेकरी ती वाजवतो. दिवसभर नुसता घणघणाट!"

गुरुजी गेले. घंटा खरोखरच थांबत नव्हती. वरच्या मजल्यावर बसलेला व्यापारी तो नाद ऐकून कृतार्थ होत होता आणि कारखान्याकडून आणखी माल मागवत होता. शिष्याचा चेहरा तर असा खुलला, जणू निम्मं दुकान त्याचंच झालं.

गुरुजींनी मात्र विचित्रच केलं. ते दारात उभे राहिले आणि खोकं घेऊन निघालेल्या प्रत्येकाला हात जोडून विचारू लागले, "कितव्यांदा?"

शिष्य शरमेने अर्धा झाला. हे कसलं विचारणं! पण एक तरुण थांबून म्हणाला, "तिसऱ्यांदा, आजोबा. तापतं आणि बंदच पडतं. वॉरंटी आहे, म्हणून खालचे नोकर बदलून देतात बिचारे."

मागची बाई म्हणाली, "आमचं हे दुसरं."

शिष्याच्या पायाखालची जमीन सरकली. खाली उतरलेल्या व्यापाऱ्यानेही ते ऐकलं आणि तो पायरीवर मटकन बसला. त्याने कुणाला फसवलं नव्हतं. तोच फसला होता.

"घंटा खोटं बोलली नाही," गुरुजी म्हणाले. "खोकं बाहेर गेलं, एवढंच ती सांगत होती. ते विकलं गेलं, हे आपणच मनाशी धरलं. परत येणाऱ्या खोक्यासाठी घंटा बांधायचं मात्र कुणाला सुचलं नाही. यशाचा गजर ऐकताना माणसाने एवढं तरी विचारावं, की यात नवं किती आणि जुन्याचीच भरपाई किती."

शिष्याने बायकोला फोन लावला. "घर विकायचं नाही. बांधलेलं सामान सोड."

"बांधलंय कुणी?" ती म्हणाली. "शेजारच्यांनी कालच ते यंत्र बदलून आणलं, तेही दुसऱ्यांदा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"