पगाराची वही

"त्या पोरीला यातल्या एकाचं तरी तोंड माहीत आहे का, बुवा?"

शिवलिंग उरुणकरनं लाल कापडात बांधलेली वही पुढ्यात आपटली.

बाळनाथ बुवा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

उरुणकर तीस वर्षं शूटिंगवरच्या माणसांचा पगार वाटत आला होता. लाइटवाले, सुतार, ट्रॉली ओढणारे, मेकअपच्या बाया. आज या सिनेमावर, उद्या त्या मालिकेवर. कुणाचा मालक ठरलेला नाही. शनिवारी मात्र सगळे उरुणकरच्या टेबलापुढं रांगेत. तो नावानं हाक मारायचा, हातावर पाकीट ठेवायचा. आता निर्मात्यानं ते काम पुण्याच्या एका कंपनीकडं दिलं होतं. तिथली एक पोरगी कॉम्प्युटरवर बोट दाबायची आणि पैसे थेट खात्यात पडायचे.

"गेल्या शनिवारी चाळीस जणांचे पडले. मोबाइल एकदम वाजले. चाळीस माना खाली... एकानं माझ्याकडं बघितलं नाही. वर म्हणतात कसे, ताई देवमाणूस आहे! तिला बघितलंय कुणी?"

"तुला बघत होते?"

"पाया पडत होते, बुवा."

बुवांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. बाजूला टाकला.

"बाकीच्यांचं काय?"

"दोनशे सत्तर राहिलेत. उद्या पडायचेत." उरुणकर हसला. "पडत नाहीत. कंपनीच्या यादीत त्यांची सेटवरची नावं आहेत. ट्रॉली बबन. पंखा रफीक. बँकेत त्या नावाचा माणूस असतोय होय? सेट परवा उठला, माणसं पांगली. त्या चाळिसांनी आपली खाती स्वतः दिली होती; बाकीच्यांची खरी नावं आणि खाती फक्त या वहीत. पोरीनं सकाळपासून चारदा फोन केला. वही हरवली म्हणून सांगितलं."

"मग इथं का आणलीस?"

"ठेवा तुमच्या देवाजवळ. महिनाभर. बोंबलत येतील माझ्याकडं."

बुवांनी शेंगांची पाटी सरकवली. हात धोतराला पुसले.

"पगार कसा वाटायचास? दाखव."

उरुणकरला बरं वाटलं. ताठ बसला. वही उघडली. आवाज शनिवारचा लागला.

"ट्रॉली बबन!"

बुवांनी उजवा हात पुढं पसरला.

उरुणकर थांबला. हातावर ठेवायला काही नव्हतं.

"पुढचा," बुवा म्हणाले.

"पंखा रफीक."

हात तसाच.

"मेकअपची शेवंता... जाड्या सुतार..."

विसाव्या नावाला बुवांचं कोपर थरथरायला लागलं. ऐंशीच्या घरातला हात तो. चाळिसाव्याला बोटं वाकली.

"बास, बुवा. हात खाली घ्या."

"किती राहिले?"

"दोनशे तीस."

"वाच."

उरुणकरनं पान उलटलं. एका नावापुढं त्याच्याच अक्षरात बारीक लिहिलेलं होतं... 'बायकोच्या हाती द्यावे.'

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

हात पुढंच होता.

उरुणकरनं खिशातून मोबाइल काढला.

"ताई... वही सापडली. फोटो पाठवतो."

तेव्हा बुवांनी हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या हातानं दंड चोळला.

"यात तुझं नाव कुठं आहे?"

"माझं कसं असंल? मी वाटणारा."

"आणि तुझा पगार?"

"तो मी काढून घेत होतो... सगळ्यांच्या आधी."

बुवांनी त्याच्या खिशातलं पेन काढलं. त्याच्या हातावर ठेवलं.

"शेवटच्या पानावर, सगळ्यांच्या खाली, तुझं नाव लिही. आणि सेटवर तुला काय म्हणतात, ते बबनला विचारून घे."