चाळिसातली एक

“सात मिनिटं माणसानं नुसतं बसून करायचं तरी काय, बाबा?”

विचारणारा उभाच होता. एक पाय कट्ट्याच्या पायरीवर, हातात फोन.

बाबा सुपारी कातरत होते, ती कातरत राहिले…

आधी बाबा कोण ते सांगतो. आमच्या घाटमाथ्यावर एका पिराचा लहानसा दर्गा आहे. दस्तगीरबाबा तिथली झाडलोट करतात, संध्याकाळी दिवा लावतात. त्याआधी उभी हयात ते एका रायडिंग क्लबच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, दुखणीखुपणी, सगळं त्यांच्याकडे. आता लोक त्यांच्याकडे सल्ला विचारायला येतात आणि बाबा बहुतेकांना चहा पाजून परत पाठवतात.

मी एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. एकतीस वर्षं हा घाट चढलो-उतरलो, कठड्याला एकदाही पत्रा घासू दिला नाही. दुपारी बाबांच्या कट्ट्यावर येऊन बसतो. घरी बसलो तर बायको गहू निवडायला लावते.

हा पाहुणा निनाद खांबेटे. चौतिशीचा, चाकणच्या एका कारखान्यातला इंजिनियर. विजेवरच्या महागड्या गाड्या बनवतात तिथं. त्याची गाडी समोरच्या हॉटेलच्या आवारात चार्जिंगला लावलेली होती. काळी, बुटकी, लांबलचक. मला नव्या गाड्यांना नावं ठेवायची खोड आहे, पण खरं सांगतो, ही बघून माझीही जीभ अडखळली.

आमची एसटी यायची तर तीन वळणं आधी आवाज यायचा. ही खालून वर आली ती मांजराच्या पावलांनी, आणि काय त्या वेगानं!

हॉटेलवाल्यानंच त्याला सांगितलं होतं की गाडी थंड होईस्तोवर पलीकडं जाऊन बसा, तिथं एक बाबा आहेत, वेळ बरा जाईल. त्या सल्ल्याचाच त्याला राग आला होता. वेळ बरा घालवायचा नव्हताच त्याला, वाचवायचा होता.

मीच विचारलं म्हणून त्यानं समजावून सांगितलं. गाडी एका चार्जिंगमध्ये सहाशे ऐंशी किलोमीटर जाते. तीन सेकंदांत शंभरचा वेग घेते. पण घाटासारख्या चढाला दामटली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी जोरात चार्ज होऊ द्यायची नाही अशी अट तिच्या मेंदूतच घालून ठेवलेली आहे. आधी सात मिनिटं ती स्वतःला गार करते. मग अकरा मिनिटांत ऐंशी टक्के भरते. एकूण अठरा.

“ती अट मी काढलीय,” निनाद म्हणाला. “तीन वर्षं खपलोय त्यावर. अठराची अकरा केलीत.”

फक्त त्याचा होकार जायचा बाकी होता. पाच वाजेपर्यंत तो गेला की नव्या गाडीच्या जाहिरातीत अकरा मिनिटं छापली जाणार, आणि त्याखालचं श्रेय याचं.

मग होकार अडला कुठं, असं मी म्हटलं. तो जरा घुटमळला. म्हणाला, तसं काही नाही. चाळीस बॅटऱ्या तापवून, अट काढून चार्ज करून पाहिल्या. एकोणचाळीस ठणठणीत राहिल्या. एक फुगली आणि तिच्यातून धूर आला. चाचणीच्या खोलीत माणूस नव्हता, त्यामुळं कुणाला काही झालं नाही. त्याच्या वरच्या मॅडमचं म्हणणं, त्या एकीतच काही खोट असणार, आणि खऱ्या रस्त्यावर एवढी तापवून गाडी कोण लगेच चार्जिंगला लावतं?

“आत्ता तू आलास, तसं?” मी म्हटलं.

त्यानं फोनमध्ये डोकं घातलं…

होकार असा अडला होता, म्हणूनच त्यानं बाबांना तो सात मिनिटांचा प्रश्न टाकला होता. लोकांना थांबायला आवडत नाही आणि त्यासाठीच ते एवढी गाडी घेतात, असं त्याचं म्हणणं. बाबांकडून त्याला उत्तर नको होतं, मान हलवायला हवी होती.

बाबांनी सुपारी तोंडात टाकली. मान काही हलवली नाही.

तेवढ्यात खालच्या पायवाटेनं जैबून घोडी घेऊन वर आली. जैबून बाबांची लेक. माथ्यावर पाणी नाही, झरा पार खाली आहे. तिथून रोज दोन खेपा पाण्याचे कॅन घोडीच्या पाठीवरून येतात. चढ असा की मोकळ्या माणसाचीही छाती भरून यावी. घोडी घामानं न्हाली होती, नाकपुड्या फुललेल्या, अंगातून वाफा निघत होत्या.

जैबूननं कॅन उतरवले, दोर आंब्याला अडकवला आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

घोडीनं मान लांब करून कॅनकडं पाहिलं.

निनाद माणूस वाईट नव्हता. मुक्या जनावराची तहान त्याला बघवेना. कुणी न सांगता तो उठला, कॅन उचलला, बादली काठोकाठ भरली आणि घोडीच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

मी तोंड उघडणार, त्याआधीच बाबांची काठी गेली. घोडीचं तोंड बादलीच्या काठाला लागलं होतं. काठीच्या एका फटक्यात बादली आडवी झाली.

सगळं पाणी मातीत गेलं.

माझाच जीव हळहळला. अर्ध्या तासाची चढण होती ती.

निनादचा चेहरा लाल झाला. तहानेनं तडफडतंय जनावर, दिसत नाही का तुम्हाला, असं तो बाबांना बोलून गेला. एवढा शिकलेला माणूस, पण त्या क्षणी त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मला तो तेव्हाच आवडला.

बाबा काठी टेकत खाली उतरले. दोर सोडून त्यांनी निनादच्या हातात दिला.

“फिरव.”

“कुठं?”

“दर्ग्याभोवती. चालत. पळवू नकोस.”

आता हा सांगणार की माझी गाडी तयार होतेय, मला जायचंय. पण दोर हातात आला होता आणि दुसऱ्या टोकाला एवढं मोठं जनावर त्याच्याकडं बघत होतं. निघाला बिचारा. पांढरे बूट शेणात भरले, कुरकुर करत पहिली फेरी झाली.

“झालं?”

बाबांनी त्याचा हात धरला आणि घोडीच्या पुढच्या दोन पायांमध्ये, छातीला लावला. तिथं हात ठेवायला तो आधी बिचकला.

“काय लागतं?”

“गरम आहे.”

“मग फिरव.”

दुसरी झाली, तिसरी झाली. दर फेरीला बाबा नुसते छातीकडं बोट दाखवत. हा हात लावी आणि आपणच मान हलवून पुढं चालू लागे. चौथ्या फेरीला त्याची कुरकुर थांबली. पाचव्या फेरीला त्यानं फोन खिशात टाकला. सहाव्या फेरीला तो घोडीशी काहीतरी बोलत होता, काय ते मला ऐकू आलं नाही.

सातवी फेरी झाल्यावर त्यानं हात लावला आणि तिथंच ठेवला.

“आता हाताएवढीच आहे,” तो म्हणाला.

“मग पाज. चार घोट, मग बादली काढ. पुन्हा चार घोट.”

घोडी पाणी प्यायली. शांतपणे, ओठ बुडवून, मधेच मान वर करून. निनाद प्रत्येक घोट मोजत होता.

समोर हॉटेलच्या आवारात गाडीचे पंखे कधीच थांबले होते. चार्जिंगच्या खांबावरचा दिवा हिरवा झाला होता. त्याचं तिकडं लक्षही नव्हतं.

जैबूननं चहा आणला. पायरीवर एक पाय ठेवून उभा असलेला माणूस आता बूट काढून कट्ट्यावर मांडी घालून बसला होता. त्यानं घोडीचं नाव विचारलं.

“बिजली,” बाबा म्हणाले.

त्याला हसू आलं. म्हणाला, माझीही बिजलीवरच चालते की. मीही हसलो. बाबा हसले नाहीत…

“चाळीस घोडी होती आमच्या पागेत,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षं मी त्या कट्ट्यावर बसतोय, पण मला हे कधी सांगितलं नव्हतं. क्लबमध्ये शर्यत होती. एक मेंबर घोडी दौडवून आला आणि अर्ध्या तासात त्याला तीच पुन्हा हवी होती. तिला फिरवत बसायला वेळ नव्हता. तो म्हणाला, पाणी दाखव आणि आण. बाबांना माहीत होतं की तापलेल्या घोडीला असं पाणी दाखवत नाहीत. पण पागेत असं पूर्वीही एखाददुसऱ्यानं केलं होतं आणि काही झालं नव्हतं. मेंबर मोठा माणूस. बाबांनी बादली पुढं केली. घोडी एका दमात प्यायली, बाबांच्या खांद्याला तोंडही घासलं तिनं. दिवस मावळायच्या आत पोटशुळानं गेली.

“कुणी काही म्हणालं नाही?” निनादनं विचारलं.

“नाही. चाळिसात एक जायचीच, म्हणाले. रजिस्टरला लिहिलं, पोटशूळ.”

“आणि तुम्ही?”

बाबांनी हात लांब करून घोडीच्या मानेवरची माशी हाकलली.

“तिचं नाव बिजली होतं. त्यानंतर जी जी आली, तिचं नाव बिजलीच ठेवलं. ही पाचवी. दिवसातून वीस वेळा हाक मारावी लागते.”

…

माझा चहा गार झाला. मला एकदम माझी एसटी आठवली, आणि ब्रेक लागत नाही असं मी म्हणत असतानाही डेपोतून ‘आजच्या दिवस ने’ म्हणून हातात दिलेल्या किल्ल्या. आजच्या दिवस नेलीही होती मी. नशीब माझं, आणि मागं बसलेल्या बावन्न माणसांचं.

पाचला दहा मिनिटं असताना निनादचा फोन वाजला. तो उठून आंब्याखाली गेला. पलीकडून मॅडमचं बोलणं बराच वेळ चाललं असावं, कारण हा नुसता उभा होता. एक हात घोडीच्या पाठीवर.

मग त्याचा आवाज आला, स्पष्ट.

“नाही मॅडम. अट राहील. अठरा मिनिटं.”

पुन्हा बराच वेळ ऐकणं. पुन्हा तेच उत्तर, आधीपेक्षा हळू. फोन ठेवून तो परत आला तेव्हा मघाची ऐट उतरली होती. चेहरा पडला होता त्याचा. काय झालं ते त्यानं एका दमात सांगितलं. जाहिरात थांबली. दुसऱ्या कंपनीची गाडी पुढं जाणार. त्याच्या हाताखालच्या पोरांनी तीन वर्षं रात्रीचा दिवस केला होता, उद्या त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं, आणि त्यांना दाखवायला त्याच्याकडं एका फुगलेल्या बॅटरीखेरीज काही नव्हतं.

“काय नंबर तिचा?” मी उगाच विचारलं.

“सत्तावीस.” त्यानं बूट हातात घेतले, पण घातले नाहीत. वाकून बाबांच्या पायांना हात लावला. “चूक केली असं नाही वाटत, बाबा. पण उद्यापासून सगळे मला नावं ठेवतील.”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि आडवी पडलेली बादली काठीनं सरळ केली…

“ठेवू देत. तू त्या एकीला नाव ठेव.”